आधी ताट, मग मैदान

पहाटे पाच-साडेपाचला अहिल्यानगरच्या पारनेर तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाबाहेर पडलं, की अंधारात पळणाऱ्या मुली भेटतात. सुपा, भाळवणी, टाकळी ढोकेश्वर, निघोज, कुठेही. पायात बूट, कानाभोवती घट्ट बांधलेली ओढणी, आणि मागून मोटारसायकलवर कुणाचे तरी वडील किंवा भाऊ. ही भरतीची तयारी. पोलीस भरतीत मुलींना १५५ सेंटिमीटर उंची लागते आणि मैदानी चाचणीचे ५० गुण ८०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ४ किलोचा गोळा यांत वाटलेले असतात. ज्या तालुक्यात पाऊस बेभरवशाचा आणि वर्षाचं गणित कांद्याच्या भावावर, तिथे वर्दीची नोकरी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

अशाच एखाद्या घरातली थोरली बहीण मात्र ‘डाएट’वर असते. तिचं लग्नाचं बघायला सुरुवात झालेली असते आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी ‘मुलगी जरा अंगानं भरलेली आहे’ असं बोलून गेलेलं असतं. ती सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घेते, दुपारी एकच चपाती मोजून खाते, रात्री ‘भूक नाही’ म्हणते. धाकटी पळते, पण पळण्याच्या मानाने खात नाही. थोरली खातही नाही आणि हलतही नाही. दोघींना वाटतं आपण तब्येत कमावतोय.

आहार आणि व्यायाम यांत मोठं कोण, हा वाद आपल्याकडे चवीने घातला जातो. खरं तर दोघांची कामं वेगळी आहेत. वजन किती उतरेल हे बहुतांशी ताट ठरवतं. उतरलेलं वजन चरबीचं की स्नायूंचं, हे व्यायाम ठरवतो. आणि ताटात प्रथिनं, रक्तात लोह नसेल तर डाएट असो वा धावणं, दोन्ही मुलीच्या अंगावर उलटतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलींची अडचण या तिसऱ्या ठिकाणी आहे आणि बोलणं मात्र पहिल्या दोनांवर चालतं.

आधी साधा हिशोब. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. ५५ किलो वजनाची मुलगी ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालली तर दीडशे-पावणेदोनशे कॅलरी खर्च होतात. एका वडापावात तीनशेच्या आसपास असतात. म्हणजे स्टँडवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत खाल्लेला वडापाव फेडायला दीड तास चालावं लागतं. नुसत्या व्यायामाने वजन भराभर का उतरत नाही, याचं उत्तर एवढंच आहे. शिवाय व्यायामाने भूक वाढते आणि ‘आज पळून आलेय’ म्हणून दुसरा वडापाव मनाला लागत नाही, तो भाग वेगळाच.

अमेरिकेत सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने हे वर्षभर तपासलं. वजन जास्त असलेल्या ४३९ बायका, चार गट. काहीच न करणाऱ्या गटाचं वजन वर्षात एक टक्काही उतरलं नाही. फक्त व्यायाम, तोही आठवड्यातून पाच दिवस पाऊण तास, करणाऱ्यांचं २.४ टक्के उतरलं. फक्त आहार बदललेल्यांचं ८.५ टक्के, आणि दोन्ही करणाऱ्यांचं १०.८ टक्के. या बायका पन्नाशीच्या पुढच्या होत्या, त्यामुळे आकडे जसेच्या तसे विशीतल्या मुलीला लावू नयेत. पण दिशा कळते. लग्नाआधी तीन महिन्यांत पाच किलो कमी करायचे असले तर थोरली बहीण ताटाकडे बघते, ते अगदीच चुकीचं नाही.

चूक पुढे होते. शरीराला कमी अन्न मिळालं की ते साठ्यातून उचलतं, पण उचलताना फक्त चरबी निवडत नाही. स्नायू वापरात नसतील तर तेही मोडीत काढतं. पाच किलो उतरले हे काटा सांगतो, त्यातले दीड किलो मांड्यांचे आणि पाठीचे स्नायू होते हे तो सांगत नाही. लग्नानंतर खाणं पूर्ववत झालं की वजन परत येतं, आणि येताना बहुतेक चरबीच घेऊन येतं. मग वजन तेवढंच, पण मुलगी पहिल्यापेक्षा मऊ आणि अशक्त. ‘डाएट सोडलं आणि दुप्पट सुटली’ असं जे बायका म्हणतात, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे.

याच मुद्द्यावर तरुण बायकांवर झालेला एक प्रयोग आपल्या जिल्ह्याने मुद्दाम वाचावा असा आहे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला. पाळी सुरू असलेल्या वयातल्या, वजन जास्त असलेल्या ९० जणी, १६ आठवडे. सगळ्यांना कमी कॅलरीचा आहार आणि सगळ्यांना व्यायाम. फरक एवढाच, की एका गटाला प्रथिनं आणि दूध-दही भरपूर, दुसऱ्याला दोन्ही मध्यम, तिसऱ्याला दूध-दही अगदी कमी. शेवटी तिन्ही गटांचं वजन जवळपास सारखंच उतरलं. काट्यावर बघणारा म्हणेल, काही फरक पडला नाही. पण शरीरातली चरबी आणि बाकीचा भाग वेगवेगळा मोजला तेव्हा दिसलं, की दूध-दही भरपूर खाणाऱ्यांचा चरबीविरहित भाग सुमारे ७०० ग्रॅमने वाढला होता आणि दूध टाळणाऱ्यांचा तेवढाच घटला होता.

आता आपल्याकडे बघा. अहिल्यानगर जिल्हा दुधासाठी राज्यात नावाजलेला. पारनेरच्या गावागावांत सकाळ-संध्याकाळ संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते. घरी दोन गाई असतात, पण दूध डेअरीला जातं आणि घरात चहापुरतं राहतं. त्यातही कपभर कुणाला उरलं तर ते लहान मुलाला किंवा म्हाताऱ्या माणसाला. गाईच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ दिवसातून दोनदा मोजलं जातं, तिची धार काढणाऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन मात्र बाळंतपणापर्यंत कुणी मोजत नाही. दुधाचे पैसे घराला लागतात हे मान्य. पण रोजचं पाऊण लिटर दूध घरात ठेवलं तर डेअरीच्या पगारात महिन्याला किती घट होते याचा हिशोब एकदा कागदावर मांडावा, आणि शेजारी भरतीच्या अकॅडमीची फी आणि प्रोटीन पावडरच्या डब्याची किंमत लिहावी.

‘डाएट’ म्हटलं की महाराष्ट्रात दोन नावं हमखास निघतात. डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. २०१८ च्या सुमाराला हा वाद घराघरांत गेला होता. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा प्राध्यापक असलेल्या दीक्षितांनी डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या कल्पनेवर आपली पद्धत उभी केली. कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मध्ये पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा सोडून काही नाही. दिवेकरांचं सांगणं जवळपास उलट्या टोकाचं. घरचं, गावचं, हंगामाचं खा, थोडं थोडं खा, तुपाला आणि भाताला घाबरू नका. ‘टशन’ सिनेमासाठी करीना कपूरने दिवेकरांच्या सल्ल्याने २००८ मध्ये ‘झिरो फिगर’ केली, तेव्हापासून दिवेकरांचं नाव देशभर झालं.

या वादात दोन गोष्टी सोयीस्करपणे गाळल्या गेल्या. एक, दीक्षितांच्या पद्धतीत रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं हा अर्धा भाग आहे. लोकांनी दोन जेवणं उचलली आणि चालणं सोडून दिलं. दुसरी, दिवेकर व्यायामावर, त्यातही वजन उचलण्याच्या व्यायामावर, सतत लिहीत-बोलत आल्या आहेत. लोकांनी तूप लक्षात ठेवलं. दोन्ही गुरूंचे शिष्य व्यायामाच्या पानावर पुस्तक मिटतात, या बाबतीत मात्र दोघांची बरोबरी आहे.

आणि पद्धतींमधला फरक म्हणावा तेवढा मोठा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६०९ जणांना वर्षभर कमी चरबीच्या किंवा कमी पिष्टमय पदार्थांच्या आहारावर ठेवलं होतं. एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६ किलो. संख्याशास्त्राच्या कसाला हा फरक टिकला नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी ११६ जणांवर, दिवसातले फक्त आठ तास खायचं आणि सोळा तास उपाशी राहायचं, हा प्रकार १२ आठवडे तपासला. तीन वेळा जेवणाऱ्यांच्या तुलनेत वजनात ठळक फरक पडला नाही. त्यातल्या ज्यांची सविस्तर मोजणी झाली, त्यांच्या घटलेल्या वजनात चरबीपेक्षा स्नायूंसारख्या ऊतींचा वाटाच मोठा निघाला. या लोकांना व्यायाम सांगितलेला नव्हता. कुठली पद्धत निवडली यापेक्षा ती सहा महिने निभावते का, त्यात प्रथिनं पुरेशी आहेत का आणि सोबत स्नायूंना काम आहे का, हे तीन प्रश्न जास्त महत्त्वाचे ठरतात. माझं मत विचाराल तर विशीतल्या, अंगाने बेताच्या मुलीने दोन जेवणांच्या वाटेला जाऊच नये. दोन जेवणांत तिला लागणारं अन्न बसवणं अवघड आहे. ही पद्धत अठरा वर्षांखालच्यांसाठी आणि गरोदर बायकांसाठी नाही, हे तर खुद्द दीक्षितच सांगतात.

‘पण आमची मुलगी बारीकच आहे, तिला काय होतंय?’ हा प्रश्न गावात नेहमी येतो. त्याला उत्तर पुण्यातून मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला दोघे सडपातळ. भारतीय माणूस बारीक असूनही आतून चरबीचा असू शकतो, हे त्या एका पानाने जगाला सांगितलं. म्हणूनच आपल्याकडे जास्त वजनाची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात.

याज्ञिकांच्या गटाचं त्याआधीचं काम आपल्याला आणखी जवळचं आहे. १९९३ पासून त्यांनी पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत लग्न झालेल्या तरुण मुलींचा अभ्यास केला. पारनेरसारखीच ही कोरडवाहू, भाकरी खाणारी, शेतात राबणारी माणसं. या मुलींचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या बाळांपेक्षा पाऊण किलोहून अधिक हलकी, पण बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू. म्हणजे बारीक आणि तरी चरबीचं, हे आईच्या पोटातूनच सुरू होतं.

त्याच अभ्यासातून दोन निष्कर्ष निघाले, ते या लेखाच्या विषयाला नेमके भिडतात. पहिला, ज्या आया हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर खात होत्या त्यांची बाळं अंगाने बरी होती. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा संबंध त्या मानाने फिका होता. दुसरा, गरोदरपणात जास्त कष्ट करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या आयांची बाळं लहान होती. कष्ट आणि व्यायाम यांत फरक कुठे, हे इथे कळतं. जे काम ताटातल्या अन्नाला परवडतं आणि ज्याला विश्रांतीची जोड आहे, तो व्यायाम. अन्न तेवढंच ठेवून वर चढवलेला भार म्हणजे झीज, मग तो खुरपणीचा असो की अकॅडमीतल्या दहा राउंडांचा.

आजीच्या पिढीत व्यायाम वेगळा करावा लागत नव्हता असं आपण कौतुकाने म्हणतो. जातं होतं, आड होता, सरपण होतं. पण त्या कष्टांनी बायका बळकट झाल्या तशा चाळिशीत वाकल्याही, कारण शेवटी जेवणारी तीच आणि उरलेलं खाणारीही तीच. आता पीठ गिरणीतून येतं, नळ दारात आला, गॅस आला, कॉलेजला जायला एसटी किंवा स्कुटी आहे. सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणारी मुलगी कंपनीच्या बसने जाते आणि आठ तास एका जागी उभी राहते. कष्ट गेले हे चांगलंच झालं. पण त्यांच्याबरोबर स्नायूंचं कामही गेलं, आणि शेवटी जेवायची रीत मात्र बऱ्याच घरांत तशीच राहिली.

आता धाकटीकडे, म्हणजे पळणारीकडे वळू. तिचा धोका वेगळा आहे. भरतीच्या मैदानावर ‘वजन कमी कर, टायमिंग सुधारेल’ हा सल्ला सर्रास मिळतो. मुलगी सराव वाढवते आणि चपाती कमी करते. ॲन लाउक्स या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी २००३ मध्ये २९ निरोगी तरुणींवर केलेला प्रयोग इथे कामाचा आहे. व्यायामात जाणारी ऊर्जा वजा केल्यावर शरीराच्या बाकीच्या कामासाठी, चरबी सोडून उरलेल्या दर किलोमागे, दिवसाला ३० कॅलरींपेक्षा कमी उरल्या, तर पाळी चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडू लागते. हे घडायला महिने लागत नाहीत. लाउक्सबाईंना ते पाच दिवसांत दिसलं.

आकडे घालून बघू. मुलगी ५० किलोची, त्यात चरबी १२-१३ किलो. उरले ३७-३८ किलो. त्याला ३० ने गुणलं की अकराशेच्या वर कॅलरी, या नुसत्या तग धरायला. नीट चालायला ४५ प्रमाणे सतराशेच्या आसपास. पहाटेच्या सरावात ४०० गेल्या तर तिला दिवसाला दोन हजारांच्या वर खायला हवं. दोन वेळा चहा-बिस्कीट, दुपारी दोन चपात्या आणि बटाट्याची भाजी, रात्री वरण-भात, यात ती जेमतेम तेराशे-चौदाशेला पोचते.

मग पाळी पुढे जाते, कधी दोन-तीन महिने येतच नाही. मुली घरी सांगत नाहीत. उलट ‘बरंच झालं, सरावात खंड नाही’ असं वाटतं. ती धोक्याची घंटा असते. इस्ट्रोजेन घटलं की हाडं कमकुवत होतात, आणि हाडं भरायचं वय नेमकं विशीच्या मध्यापर्यंतचं. नडगीची जी दुखणी मैदानावर ‘होतंय तसं, पळत राहा’ म्हणून उडवली जातात, त्यांतली काही हाडाला गेलेले बारीक तडे असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या साऱ्याला एकत्र नाव देऊन जगभरच्या प्रशिक्षकांना सावध केलं. ते आपल्या तालुक्याच्या मैदानापर्यंत अजून पुरतं पोचलेलं नाही.

उपासाचाही विषय इथेच काढायला हवा. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस. श्रद्धेबद्दल काही म्हणायचं नाही. पण पहाटे पळून आलेल्या मुलीच्या पोटात दिवसभर साबुदाणा जातो, आणि साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नसतं. खिचडीत जे काही बरं आहे ते शेंगदाण्याच्या कुटाचं. उपास करायचाच तर भगर, राजगिरा, शेंगदाण्याची आमटी, दही आणि दूध असा करावा, आणि त्या दिवशी जोराचा सराव ठेवू नये.

आता लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. याच राज्यात पाचातली एक स्त्री कमी वजनाची आणि पाचातल्या एकीहून जास्त जणी जादा वजनाच्या किंवा स्थूल. अशक्त आणि लठ्ठ या दोन्ही टोकांना रक्त कमी असू शकतं, हे लक्षात घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेली मुलगी ८०० मीटरच्या दुसऱ्या राउंडला धापा टाकते, तेव्हा प्रशिक्षक म्हणतो ‘स्टॅमिना नाही’. स्टॅमिना कुठून येणार? प्राणवायू वाहून नेणारं रक्तच अपुरं आहे.

नुसतं हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह कमी असेल तरी फरक पडतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात रक्तक्षय नसलेल्या पण लोहाचा साठा घटलेल्या ४२ तरुणींना सहा आठवडे लोहाच्या किंवा बनावट गोळ्या दिल्या आणि त्याच काळात सगळ्यांकडून सारखाच सराव करून घेतला. लोह मिळालेल्यांची दमछाक सहन करण्याची ताकद दुसऱ्या गटापेक्षा जास्त वाढली. व्यायाम तोच, फळ निराळं.

आणि इथे आपल्या बाजरीची गोष्ट सांगायलाच हवी. महाराष्ट्रातल्या ग्रामीण निवासी शाळांत १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींवर एक प्रयोग झाला. जास्त लोह असलेल्या बाजरीची भाकरी एका गटाला, साध्या बाजरीची दुसऱ्याला, रोज दोन्ही वेळच्या जेवणात, सहा महिने. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ज्यांच्यात लोह कमी होतं, त्यांतली लोहयुक्त बाजरी खाणारी मुलं लोहाची कमतरता भरून काढण्यात दीडपटीहून पुढे होती. पुढच्या विश्लेषणात असंही दिसलं, की ती मुलं दिवसभरात बसून कमी राहत आणि हालचाल जास्त करत. कुणी त्यांना व्यायाम सांगितला नव्हता. अंगात रक्त आलं तशी ती आपसूक हलायला लागली. आळशी म्हणून ज्या मुलींना घरी बोलणी बसतात, त्यांच्या बाबतीत हे जरूर आठवावं. ‘धनशक्ती’ हे अशा लोहसमृद्ध बाजरीचं वाण आपल्याच राज्यात आधी प्रसारात आलं.

पारनेरच्या ताटात मुळात सगळं आहे. एका मध्यम बाजरीच्या भाकरीत सहा-सात ग्रॅम प्रथिनं. चार भाकऱ्या दिवसभरात झाल्या की पंचवीसच्या पुढे. त्यावर वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, सात ग्रॅम. ग्लासभर दूध, सहा-साडेसहा. दोन अंडी, बारा. मूठभर शेंगदाणे, सात. बेरीज साठच्या घरात जाते. ५० किलोच्या साध्या राहणीच्या मुलीला ४२ ग्रॅम पुरतात, पळणारीला साठ ते ऐंशी लागतात. म्हणजे पावडरच्या डब्यावाचून काम होतं. भाकरीत जे अमिनो आम्ल कमी असतं ते कडधान्यात भरपूर असतं, म्हणून भाकरी-उसळ, भाकरी-पिठलं या जोड्या जमलेल्या आहेत. हुलग्याचे शेंगोळे हे तर थंडीतलं पूर्णान्न. गरिबाचं म्हणून ते मागे पडलं आणि त्याच्या जागी पाकिटातले नूडल्स आले, याला प्रगती म्हणणं कठीण आहे.

दोन बारीक गोष्टी फार फरक करतात. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्यातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, म्हणून मध्ये निदान तासभर जाऊ द्यावा. आणि उसळीवर, पालेभाजीवर लिंबू पिळावं किंवा ताटात कच्चा टोमॅटो, पेरू, आवळा असावा. क जीवनसत्त्वाने तेच लोह कितीतरी जास्त अंगी लागतं.

व्यायामाचं म्हणाल तर थोरलीने आणि धाकटीने दोघींनीही आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचं काम करायला हवं. जागतिक आरोग्य संघटनाही दर आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते. त्यासाठी जिम लागत नाही. बैठका, पायरीवर चढ-उतार, ओट्याला हात टेकून जोर, पाच-दहा लिटरचा पाण्याचा कॅन उचलून चालणं. आठवड्यागणिक थोडं वाढवत नेलं तर स्नायूंना कारण मिळतं. मुलींचे दंड पुरुषांसारखे होतील ही भीती निराधार आहे, कारण त्यासाठी लागणारं संप्रेरक बाईच्या अंगात फारच थोडं असतं. नुसतं पळणाऱ्या मुलीला गोळाफेकीतही याचा फायदा होतो. माण तालुक्यातल्या मोहीसारख्या दुष्काळी गावातून आलेली ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली. त्या शर्यतीत धावणं जेवढं, तेवढंच अडथळ्यावरून उडी घ्यायचं मांड्यांचं बळ.

ज्या मुलीचं वजन खरोखर जास्त आहे, कंबर सुटली आहे, पाळी अनियमित आहे, चेहऱ्यावर लव वाढली आहे, तिने कॅलरी कमी कराव्यात. पण त्या साखरेतून, बिस्किटा-खारीतून, वेफर्स आणि थंड पेयांतून कमी कराव्यात. भाकरी-उसळीला हात लावू नये. महिन्याला दीड-दोन किलोंपेक्षा जास्त घाई करू नये आणि ताकदीचा व्यायाम पहिल्या दिवसापासून जोडावा. जिचं वजन मुळात ४२-४५ किलो आहे तिला डाएटची गरजच नाही. तिने आधी दोन महिने नीट खावं, मग सराव वाढवावा.

सुरुवात मात्र दोघींनी एकाच ठिकाणाहून करावी. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पारनेरच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्यावं. ते १२ च्या खाली आलं तर डॉक्टर सांगतील तेवढे महिने लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्याव्यात, आणि तोवर डाएटही नको, दहा राउंडही नकोत. मुलीला भरतीच्या अकॅडमीत घालताना फी भरायच्या आधी आई-वडिलांनी हा एक कागद मागावा.